शेंदराखालचा तडा

प्रिय तेजस्विनी,

माझं सगळं बदललं तो क्षण मला नेमका सांगता येतो. सेमिनार हॉलमध्ये तू रिमोटचं बटण दाबलंस आणि पडद्यावर माझा बाप उभा राहिला. धोतर, उघडं अंग, कपाळापासून बेंबीपर्यंत काजळी, हातात पेटता काकडा. खाली तुझ्या नेटक्या टायपिंगमध्ये 'स्थानिक माहितीदार'. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, 'आले आले, तोफखाने साहेब आले,' आणि अख्खा हॉल हसला. खैरनार सरांनी विचारलं, कोण हे गृहस्थ? आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, लासलगावकडचे एक गावकरी आहेत सर, जत्रेत बाराचं उखळ उडवतात. एक गावकरी! ज्याच्या पडवीत बसून तू बाजरीच्या दोन भाकरी हाणल्यास आणि तिसरी मागून घेतलीस, तो एक गावकरी.

प्रिय लिहिलं म्हणून फुगू नकोस. नुसतं 'तेजस्विनी' लिहिलं तर वकिलाची नोटीस वाटते म्हणून लिहिलंय. तुझा नंबर मी त्याच दिवशी ब्लॉक केला. आता उघडला तरी फोनवर आधी तुला चार शिव्या देईन आणि कामाचं राहून जाईल. आणि काम आहे. आबांचं आहे. माघी पौर्णिमेला आमची जत्रा. दरवर्षीप्रमाणे यंदाही पहिला बार आबाच उडवणार. आणि ते उखळ फुटणार आहे, तेजू. मी रागाच्या भरात लिहीत नाही. म्हणजे राग आहेच, पण हे त्यातलं नाही. माझं तुझ्याकडे काय काम आहे ते सांगतोच, पण आधी माझा दाब जरा उतरू दे. नाहीतर पुढचं धड लिहिता येणार नाही.

त्या हॉलमध्ये मी उठून काय बोललो ते मला आठवत नाही. वर्गाला मात्र पाठ आहे म्हणे. आपल्या प्रयोगाचा टांगलेला लाकडी ठोकळा मी लाथेने पाडला एवढं आठवतं, कारण अंगठ्याचं नख गेलं होतं. नंतर तुझा एकच मेसेज आला, की तूच म्हणाला होतास ना वर्गात घरचं काढू नको म्हणून. हो, म्हणालो होतो. घरचं काढू नको म्हणालो होतो. बापाला परका कर असं नव्हतो म्हणालो. दोन्हींत फरक असतो, आणि एवढी गणितं सोडवणाऱ्या मुलीला तो कळू नये? जाऊ दे. त्यानंतर मी कॉलेजची पायरी चढलो नाही. शेवटचं वर्ष तसंच राहिलं. आता लासलगावात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना वेल्डिंग मारतो. कांद्याच्या हंगामात इतक्या ट्रॉल्या मोडून येतात की डोळ्यांतली आग रात्रीपर्यंत जात नाही. शेठ मला 'सायंटिस्ट' म्हणतो. ए सायंटिस्ट, तो ट्रॉलीचा साटा पकड. मी पकडतो.

तुला आठवतं, सगळी पोरं सौरचूल नाहीतर पाण्याची टाकी आपोआप बंद करायचं यंत्र करत होती, आणि तू म्हणालीस आपण नळीच्या आतलं करू. सरांनाही पटकन कळलं नव्हतं. तू समजावलंस, सर, देवळालीला आमच्या घराच्या काचा लहानपणापासून सरावाच्या तोफांनी थरथरतात. गोळा कुठे पडतो हे सगळे विचारतात. मला विचारायचंय की तो नळीतून सुटायच्या आधी आत काय होतं? मी त्या वेळी तुझ्याकडे बघत होतो. तोफ गेली खड्ड्यात असं वाटलं होतं मला. ही मुलगी जिथे म्हणेल तिथे जायचं, बस. मग उगाच हुशारी दाखवायला बोलून गेलो, की आमच्या गावात उखळ आहे, जत्रेला उडवतात. तुझे डोळे असे चमकले की मी पुढे सांगतच सुटलो. ओतीव बीडाचा जाडजूड ठोकळा, तोंड आभाळाकडे, पोटात बंदुकीची दारू, वर विटेची पूड ठासलेली, बुडाशी बत्ती द्यायचं भोक. बार झाला की भगत एकामागे एक जोडलेल्या बारा गाड्या ओढायला लागतो. बार झाल्याशिवाय एक चाक हलत नाही. तो मान आमच्या घराचा, पण तेवढं मी गाळलं. कोणी उडवतं एवढंच मी म्हणालो होतो. आमचे आबा उडवतात हे तुला गावाकडे येताना गाडीत बसल्यावर सांगितलं.

ग्रंथालयात तुझ्यासोबत बसून जे वाचलं त्याच्या निम्म्यानेही मी परीक्षेत वाचलं नसेल. तोफा चारशे वर्षं माणसं मारत होत्या आणि गोळी किती वेगाने सुटते हे कोणालाच माहीत नव्हतं, हे वाचून तू केवढी हसली होतीस. मग सतराशे चाळीसच्या आसपास रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने जड लाकडी ठोकळा टांगला, त्यात गोळी मारली आणि ठोकळा किती मागे झुलला त्यावरून वेग काढला. आपण एअरगन आणून तेच केलं. ठोकळा झुलला की तू टाळ्या वाजवायचीस, लहान मुलीसारख्या. मग आतलं प्रकरण आलं. दारू एकदम उडत नाही, प्रत्येक दाणा बाहेरून आत, थराथराने जळतो. बारीक दाणा म्हणजे जळायला जागा जास्त, म्हणजे वायू एकदम, म्हणजे दाब असा चढतो की नळीला सावरायला वेळच मिळत नाही. मोठा दाणा सावकाश जळतो आणि गोळ्याला ढकलत नेतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दाब वाढला की जळणं वाढतं, जळणं वाढलं की दाब वाढतो. गोळा पुढे सरकून आतली जागा वाढली तर ठीक, नाहीतर नळी फाटते. सगळा खेळ पापणी लवायच्या आत. हे तू फळ्यावर मांडलंस, खडू ठेवलास आणि म्हणालीस, 'रव्या, हे तुझंच समीकरण आहे बघ.' मी हसलो. त्या दिवशी मला वाटलं होतं तू मला ओळखलंस.

दाब मोजायला जुन्या लोकांनी काय केलं तेही तूच वाचून दाखवलं होतंस. नळीला भोक पाडून तिथे तांब्याची छोटी गुल्ली बसवायची. बार झाला की ती चेपली जाते. नंतर ती काढून बघायची, किती आखूड झाली. जितकी चेपली तितका दाब. आत झालं काय ते कोणी पाहिलेलं नसतं, नुसती चेपलेली गुल्ली सांगते. मी वेल्डिंगचा चष्मा काढतो तेव्हा कधीकधी मला ही गुल्ली आठवते आणि सगळ्या जगाचा राग येतो. तुला त्यातलं काय कळणार? पुण्याच्या त्या मोठ्या संस्थेत तुझ्याकडे आता इलेक्ट्रॉनिक सगळं असेल. तुला तिथे जागा मिळाल्याचं मला वर्गाच्या ग्रुपवरून कळलं. आणि आपल्याच वर्गातल्या ओमबरोबरचा साखरपुड्याचा फोटोही तिथेच. चांगला दिसतो कुर्त्यात. त्या दिवशी हॉलमध्ये न हसलेला तो एकटाच होता, हे मला कबूल करावं लागतं, आणि तेच जास्त टोचतं. हसला असता तर त्याला शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तू मला कधी हो म्हणाली नाहीस हे खरं. पण नाहीसुद्धा म्हणाली नाहीस. मी विचारलं नव्हतं म्हणशील. हे विचारायला लागतं?

असो. उखळाचं सांगतो.

तू आली होतीस तेव्हा बघितलं असशील, आमचं उखळ म्हणजे देव आहे. दर जत्रेच्या आधी आबा त्याला तेल-शेंदूर लावतात. त्यांच्या बापाने लावला, आज्याने लावला. शेंदराचं असं जाड कवच झालंय की आतलं बीड कोणाच्या नजरेला पडून जमाना झाला. तू हळदकुंकू वाहून नमस्कार केला होतास आणि आबा हरखून म्हणाले होते, 'शहराची पोरगी हाय पण रीत हाय बरं तिला.' गेल्या महिन्यात उखळ पडवीत काढलं. मी सहज, वर्कशॉपची सवय म्हणून, हातोडीचा हलका ठोका त्याला मारला. पक्क्या बीडाला मारलं की ठण्ण वाजतं. हे बद्द वाजलं, मडकं फुटल्यासारखं. परत मारला. परत बद्द. आबा शेजारीच वात वळत बसले होते, त्यांना काहीच नाही. कसं असणार? जन्मभर बार उडवून डावा कान कधीच गेलाय, उजव्यात थोडं शिल्लक. ते उखळाचा आवाज ऐकूच शकत नाहीत, तेजू. ज्याने ते आयुष्यभर उडवलं त्यालाच ते फुटकं वाजतंय हे कळत नाही.

आबा मारुतीला गेले तसा मी तारेचा ब्रश घेऊन बसलो. शेंदराचं कवच पोपडा निघावा तसं निघालं. बत्तीच्या भोकापासून तडा निघालाय, केसासारखा, आणि बाजूने चढत तोंडाच्या खाली वीतभरावर थांबलाय. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड टाकली, तर काळी रेघ आपोआप उमटली. वर्कशॉपात आम्ही अ‍ॅक्सलचा तडा असाच बघतो. तेवढ्यात आबा आले. त्यांनी सोललेलं उखळ बघितलं. मग त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. जन्मात पहिल्यांदा. म्हणाले, 'देव सोलला रे तू! कालेज सोडलं, आता देव बी सोड.' आई मध्ये पडली तर तिलाही म्हणाले, तूच लाडावून ठेवलं याला. मी ओरडून ओरडून तडा दाखवला. त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, हा तर बापाच्या येळचा वरखडा हाय. आणि तिथल्या तिथे नवा शेंदूर कालवून थापला. तडा बुजला. दिसत नाही म्हणजे नाही, संपलं.

मी गप्प बसणाऱ्यातला नाही हे तुला माहीतच आहे. त्यांच्या उजव्या कानाशी बसून मी त्यांना अमेरिकेतल्या त्या जहाजाची गोष्ट सांगितली, आपण वाचली होती ती. केवढी मोठी तोफ, नाव काय तर शांतता राखणारी, पाहुण्यांना मिरवून दाखवायला उडवली आणि फुटली. दोन मंत्री जागच्या जागी गेले. बाहेरून चकाचक होती आबा, आतलं लोखंडाचं जोडकाम कच्चं होतं. नंतर साहेबलोकांना जाग आली आणि नळीच्या आतला दाब मोजायला लागले. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं पटलं. मग म्हणाले, 'त्या तोफेची पूजा केलती का कोणी?' हसू नकोस. मी हसलो नाही. मी भिंतीवर मूठ आपटली.

मग मी उखळ लपवलं. गोठ्यात कडब्याखाली. आबांनी विचारलं नाही, शोधलं नाही, नुसतं जेवण सोडलं. ताट पुढे आलं की उठून जायचे. आई रडायला लागली, की रवी, बापाला उपाशी मारतो का तू? मी ते काढून पडवीत ठेवलं. बीडाला साधं वेल्डिंग धरत नाही, धरलं तरी बाराला टिकणार नाही, हे मी शेठला चारदा विचारून घेतलं. पोलिसांत गेलो तर घरात स्फोटक दारू ठेवली म्हणून बापावरच केस होईल. पंचांकडे गेलो. तिथे संतोष पाटील तंबाखू मळत म्हणाला, 'केरूआण्णाचं पोरगं का? अरे पण तुला कालेजातून हाकललं ना? मग तू कशाचा इंजनेर?' सगळे हसले. मला कोणी हाकललेलं नाही, मी सोडलं. पण हे सांगायला गेलो असतो तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं. का सोडलं हे मी आजवर घरात सांगितलेलं नाही. आबांना तर नाहीच. त्यांना वाटतं त्यांचा फोटो कॉलेजात भिंतीवर लावलाय. तूच त्यांना म्हणाली होतीस, बाबा तुमचा फोटो आमच्या कॉलेजात दाखवणार आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, माझा फोटू नाशकात लागलाय.

आणि आता त्यात भर. शेजारच्या नवसाबाईच्या नातवाने कुठून तरी बाराची दारू आणून दिलीय. आमची नेहमीची दाणेदार असते, ही पिठासारखी बारीक आहे. आबा खूश, म्हणतात यंदा आवाज लासलगावाला जाईल. बारीक दाणा आणि तडकलेलं उखळ. पुढचं तुला मी सांगायची गरज नाही. काकडा घेऊन आबा हातभरावर उभे असतात. पळत नाहीत. पळणं म्हणजे मानाला बट्टा. त्यांच्या मागे बारा गाड्या, गाड्यांवर पोरं लटकलेली. गेले आठ दिवस मी डोळे मिटले की मला फक्त ते हातभर अंतर दिसतं.

तर आता काम. परवा मी शेवटचं भांडलो. म्हणालो, माझं खोटं वाटतं तर कोणाचं खरं मानाल? आबांनी शेंदूर घोटून संपवला. मग म्हणाले, 'ती पोरगी आलती ना, तोफांचं शिकणारी. ती म्हणली तर मानीन. तिला कळतं. तिने कसं पुरं शिकलं.' पुरं शिकलं! माझ्या तोंडावर म्हणाले, तेजू. मी उठून गेलो, गावाबाहेरच्या बंधाऱ्यावर जाऊन दगड मारत बसलो. ठरवलं होतं की मरेन पण तिला लिहिणार नाही. तिला विनवणी करण्यापेक्षा बाराच्या वेळी मीच काकडा हातात घेतो. पण आबा मला काकडा देणार नाहीत. देव सोलणाऱ्याला कोण देईल? म्हणून लिहितोय. ये. जत्रेच्या आधी ये. मला भेटू नकोस, मी त्या दिवशी वर्कशॉपला असेन. ओमला घेऊन आलीस तरी चालेल, गाडी चालवायला होईल. मी बोलावलं म्हणून सांगू नकोस, अभ्यासाला आले म्हण. उजव्या बाजूला बस, डाव्या कानाला काही पोचत नाही. उखळाला आधी हळदकुंकू वाहा, मग शेंदूर काढायची परवानगी त्यांच्याकडेच माग, त्यांच्याच हाताने काढायला लाव. तडा त्यांना दाखव आणि सांग, की बाबा, हे आता देव्हाऱ्यातच ठेवायचं, उडवायचं नाही. तुझ्या तोंडून ते ऐकतील. मान गेला म्हणून रडतील, बसून राहा जरा. आणि फोटोचं विचारलं तर भिंतीवर आहे म्हण. माझ्यासाठी एवढं खोटं बोलायला जड जाणार नाही तुला.

येणार नसशील तर कळवूसुद्धा नकोस, मला समजेल. पण येशील असं मला वाटतं, आणि असं वाटतं याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. पत्र आज लासलगावहून स्पीड पोस्टने टाकतो. आबा पडवीत नव्या दारूची पूड उन्हात वाळत घालून बसलेत. कोणाला लिहितो रे, म्हणून आत्ता दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तर माझ्याकडून खरं बोललं जाईल, म्हणून मागल्या दाराने बाहेर आलोय. कागद गुडघ्यावर घेऊन या शेवटच्या ओळी पायरीवर लिहितोय. दार ओढून घेतलंय.

तुझाच,
रविराज